‘घरगुती अडचण’ लिहून वही मिटू नका

मी करंजाड्याहून बोलतेय. पनवेल तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते, त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या बैठकीत सतरंजीवर बसून चहा प्यायलेली आहे. आज बचतीविषयी बोलणार नाही, पण गोष्टीची सुरुवात मात्र गटाच्या वहीतूनच करते.

आमच्या एका गटात एक ताई आहे. चार वर्षं तिची बचत एकदाही चुकली नव्हती. एका छोट्या ठिकाणी पॅकिंगच्या कामाला जायची. मग लागोपाठ दोन बैठकांना ती आली नाही. तिसऱ्या बैठकीला आली आणि कोपऱ्यात बसून राहिली. सचिवताईने विचारलं, “काय गं, कुठे होतीस?” ती म्हणाली, “काम सोडलं.” “का?” “घरगुती अडचण.” सचिवताईने वहीत तेच लिहिलं. नियमाप्रमाणे दोन गैरहजेऱ्यांचा वीस रुपये दंड लावला. ताईने पर्समधून दोन दहाच्या नोटा काढून दिल्या. पानाखाली सही माझी आहे.

पुढे कितीतरी दिवसांनी, रिक्षाची वाट बघत दोघीच उभ्या होतो तेव्हा ती बोलली. तिथला सुपरवायझर मागे येऊन उभा राहायचा. माल बांधताना खांद्यावर हात ठेवायचा. “ऐकलंस तर ओव्हरटाइम देतो,” म्हणायचा. ऐकलं नाही तेव्हा ओव्हरटाइम बंद झाला, मग हजेरीत खाडे दिसायला लागले. ती काम सोडून घरी बसली. मी मनात महिने मोजले. सात झाले होते. तक्रारीसाठी कायद्याने दिलेली मुदत केव्हाच उलटली होती. हे सगळं मी तिला विचारूनच सांगतेय, आणि ती ओळखू येईल असं काही सांगितलेलं नाही.

ते वीस रुपये मला अजून टोचतात. म्हणून हा कायदा कुठून आला, कुणामुळे आला, ते मी नीट वाचून काढलं. वाचताना लक्षात आलं, की तो ऑफिसातल्या शिकलेल्या बायकांसाठी वरून कुणी दिलेला नाही. तो आपल्यासारख्या बायकांच्या जिवावर आला आहे.

तुम्हाला वाटेल, ‘घरगुती अडचण’ हे आपल्याच बायकांचं उत्तर. तसं नाही. अमेरिकेत इथाका नावाच्या गावात कार्मिटा वूड नावाची बाई विद्यापीठात कारकुनी काम करायची. वरच्या माणसाच्या अंगचटीला येण्याला कंटाळून तिने नोकरी सोडली. बेकार भत्त्यासाठी अर्ज करताना नोकरी का सोडली हे लिहायचं होतं. काय लिहावं तिला सुचेना, म्हणून तिने कारण वैयक्तिक असल्याचं लिहिलं. भत्ता नाकारला गेला. तिच्यासाठी बायका एकत्र बसल्या, तर प्रत्येकीकडे तसलीच गोष्ट निघाली. या त्रासाला नावच नाही, म्हणून तो कुठल्या अर्जात बसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९७५ साली त्यांनी जाहीर सभा घेतली आणि त्याला नाव दिलं. त्यालाच आज आपण मराठीत लैंगिक छळ म्हणतो. तोवर आपल्याकडे काय म्हणायचे? “थट्टा केली”, “लगट केली”, “त्याचा स्वभावच तसा.” नाव हलकं असलं की गुन्हाही हलका वाटतो.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. देसाईगंज, म्हणजे वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. १९७२ सालच्या मार्च महिन्यात तिथल्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी, वयाने चौदा ते सोळा वर्षांची पोर. घरच्या एका तक्रारीसाठी तिला ठाण्यात बोलावलं होतं. बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवलं. आरोपी होते ठाण्यातलेच दोन पोलीस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असावी, असा त्या निकालाचा सूर होता.

पुढच्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात अडकवलेल्या गरीब पोरीने ओरडावं तरी कुणाला, आणि मुकाट्याने सोसणं म्हणजे संमती कशी, हा त्यांच्या पत्राचा गाभा होता. १९८० साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. त्या वर्षी ८ मार्चला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या. त्याचा परिणाम म्हणून १९८३ साली कायदा बदलला. पोलीस ठाणं, तुरुंग, रुग्णालय अशा ठिकाणी, जिथे बाई दुसऱ्याच्या ताब्यात असते, तिथे शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि ‘माझी संमती नव्हती’ असं ती न्यायालयात म्हणाली, तर संमती नव्हती असंच न्यायालय धरून चालेल, अशी तरतूद आली.

हे पोलीस ठाण्याचं झालं, कामाच्या ठिकाणाचा काय संबंध, असं विचाराल. संबंध आहे. ज्याच्या हातात सत्ता, त्याच्यापुढे बाई गप्प बसते, आणि ते गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हे त्या लढ्याने पहिल्यांदा कायद्याच्या गळी उतरवलं. हजेरीपट ज्याच्या हातात, तो मुकादम आणि सुपरवायझरही आपल्यासाठी सत्ताच असतो.

तिसरी गोष्ट राजस्थानची. जयपूरजवळच्या भटेरी गावातली भंवरीदेवी. कुंभार समाजातली, स्वतःच्या शेतात राबणारी बाई. राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ती ‘साथिन’ होती. आपल्याकडे आशाताई किंवा गटाची सीआरपी गावात घरोघरी जाते, तसंच ते काम. मानधन तुटपुंजं. बालविवाह थांबवणं हा तिच्या कामाचाच भाग. १९९२ साली आखा तीजला, म्हणजे आपल्या अक्षय तृतीयेला, गावातल्या एका वजनदार घरात तान्ह्या मुलीचं लग्न होतं. भंवरीदेवीने अडवायचा प्रयत्न केला. त्या दिवशी पोलीस येऊन गेले, तरी लग्न नंतर उरकण्यात आलंच. गावाने मात्र राग धरला तो तिच्यावर. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला नवऱ्याबरोबर शेतात काम करत असताना तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला.

ती गप्प बसली नाही, तक्रार करायला गेली. पण वैद्यकीय तपासणी व्हायलाच दोन दिवसांहून जास्त वेळ गेला. १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं, आणि वरच्या न्यायालयातलं अपील वर्षानुवर्षं रखडलं. तिला स्वतःला न्याय मिळाला असं म्हणता येत नाही.

पण महिला संघटनांनी एक प्रश्न पकडून ठेवला. ती सरकारचं काम करत होती म्हणून तिच्यावर हल्ला झाला. मग कामावरच्या बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची? ‘विशाखा’ आणि इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल आला. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांचं खंडपीठ होतं. सुजाता मनोहर या त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश होत्या. न्यायालयाने सांगितलं, की कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ म्हणजे बाईच्या समानतेच्या आणि सन्मानाने जगण्याच्या हक्कावरच घाला आहे. संसद कायदा करेपर्यंत प्रत्येक मालकाने न्यायालयाचे नियम पाळायचे आणि तक्रार समिती नेमायची. संसदेचा कायदा यायला पुढे सोळा वर्षं लागली. तो २०१३ साली झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे.

बघा मैत्रिणींनो, एक मजूर मुलगी, एक कारकून बाई, एक गावात काम करणारी साथिन. २०१७ नंतर ‘मी टू’ची लाट जगभर गेली, सिनेमातल्या बायका बोलल्या, ते आपण टीव्हीवर पाहिलं. ते शब्दसुद्धा तराना बर्क या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने २००६ साली गरीब वस्तीतल्या मुलींसोबत काम करताना वापरायला सुरुवात केली होती. प्रत्येक वेळी सोसणारी एकटी होती. तिच्या बाजूने चार जणी उभ्या राहिल्या, तेव्हा पुढचं घडलं.

आता कायदा आपल्याला काय देतो ते सांगते. वहीत लिहून घ्या.

कामाचं ठिकाण म्हणजे फक्त ऑफिस नाही. कंपनी, दुकान, बांधकामाची साइट, दवाखाना, मालकाने दिलेली गाडी हे सगळं त्यात येतं. आपण ज्यांच्याकडे धुणी-भांडी, स्वयंपाक करतो ते घरही येतं. पगार रोजंदारीवर असो, ठेकेदारामार्फत असो, तरी कायदा लागू.

नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील बोलणं, अश्लील चित्र किंवा व्हिडिओ दाखवणं, तसले इशारे करणं हा छळ आहे. “ऐकलंस तर काम देतो, नाहीतर काढतो” ही धमकीसुद्धा त्यातच.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष बाईच हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेची हवी. समिती नेमली नाही तर मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, तक्रार मालकाविरुद्धच असेल, किंवा बाई घरकाम करत असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आपल्या जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग. तिथवर जायचं तर एक रोज बुडतो. म्हणून तक्रार घ्यायला तालुक्यात नोडल अधिकारी नेमायचा असं कायदाच सांगतो, आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. तो कोण, हे तहसील कार्यालयात गटाच्या लेटरहेडवर विचारा.

तक्रार लेखी हवी. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची. त्रास पुन्हा पुन्हा झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचे. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. बाईचं नाव बाहेर फोडायला मनाई आहे. तिने स्वतःहून म्हटलं तर समेट होऊ शकतो, पण पैसे घेऊन मिटवामिटवी चालत नाही. आणि तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. ही भीती मनातून काढून टाका.

पोलिसांकडे जायला ही तीन महिन्यांची अट नाही. तातडीला ११२, सल्ल्याला आणि मदतीला महिला हेल्पलाईन १८१. बायकांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समिती असते. आमच्या ताईलाही पोलिसांची वाट मोकळी होती. तिला ते नको होतं. निर्णय तिचा, आम्ही जबरदस्ती केली नाही. ती आता दुसरीकडे कामाला जाते, पगार आधीपेक्षा कमी आहे. तो सुपरवायझर अजून तिथेच आहे. हे मला गोड करून सांगता येत नाही.

आम्ही एवढंच केलं. ठराव करून तिचे वीस रुपये परत दिले. नियमही बदलला. सदस्य सलग दोनदा आली नाही, किंवा तिने अचानक काम सोडलं, तर दंड लावायच्या आधी दोघी जणी तिच्या घरी जातात. सासू-नवऱ्यासमोर विचारायचं नाही, पाण्याला किंवा बाजाराला सोबत न्यायचं. ती बोलली तर तारीख, ठिकाण, कोण काय बोललं, कुणी पाहिलं, हे तिच्या शब्दांत वेगळ्या कागदावर लिहून तिच्याचकडे ठेवायला सांगायचं. मोबाईलवरचे मेसेज पुसू नको म्हणायचं. ती नको म्हणेल तर बैठकीत त्याचा उच्चार नाही. “तूच काहीतरी केलं असशील,” हे वाक्य तर कुणाच्याच तोंडून निघायचं नाही.

येत्या बैठकीत बचत मोजून झाली की हजेरीचं पान उघडा. ‘घरगुती अडचण’ कुठे-कुठे लिहिलंय ते बघा. तिच्या घरी जा. तीन महिने फार लवकर जातात.