आठ आकडे, दोन उत्तरं

२, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. पायथन भाषेतल्या ‘नमपाय’ या संग्रहाला हे आठ आकडे देऊन ‘एसटीडी’ या फलनाकडे प्रमाण विचलन मागितलं, तर उत्तर येतं २. त्याच पायथनमधल्या ‘पांडाज’ला तेच आकडे दिले, तर त्याचं ‘एसटीडी’ सांगतं २.१४. हिशेब दोघांचाही बरोबर असतो.

फरक आहे भाजकाचा. सरासरी ५, प्रत्येक आकड्याचं तिच्यापासूनचं अंतर काढून वर्ग केले की बेरीज भरते ३२. तिला ८ने भागून वर्गमूळ काढलं की २ आणि ७ने भागून काढलं की २.१४. आठ आकडे हीच सगळी माहिती असेल, तर ८ने भागणं योग्य. पण शितावरून भाताची परीक्षा करायची असेल, तर अडचण येते. सरासरीही त्याच आठ शितांवरून काढलेली असल्यानं अंतरं जरा कमी भरतात. ही तूट भरून काढण्यासाठी एकानं कमी भागायचं, ही ‘बेसेलची दुरुस्ती’. नमपाय ती आपणहून करत नाही, पांडाज करतं. नावावरून मात्र हे कळत नाही.

एक्सेलच्या २०१० च्या आवृत्तीत ही संदिग्धता दूर झाली. नमुन्यासाठी ‘एसटीडेव्ह.एस’, संपूर्ण समूहासाठी ‘एसटीडेव्ह.पी’. जुनी नावंही चालू राहिली, नाहीतर जुन्या फायली बंद पडल्या असत्या.

‘आर’ भाषेतलं वितरणांचं नामकरण खरोखर देखणं आहे. सामान्य वितरण म्हणजे ‘नॉर्म’. त्याआधी ‘डी’ लावला की घनता, ‘पी’ लावला की संचयी संभाव्यता, ‘क्यू’नं त्याचं उलट आणि ‘आर’नं यादृच्छिक आकडे. ‘नॉर्म’च्या जागी ‘बायनॉम’ किंवा ‘पॉइस’ घातलं की तीच चार अक्षरं द्विपद आणि प्वासाँ वितरणांनाही लागू पडतात. एकदा शिकलं की पुरतं.

पण धोका इथंच आहे. बेजियन विश्लेषणासाठी आरच्या जोडीनं वापरल्या जाणाऱ्या ‘जॅग्ज’मध्येही ‘डीनॉर्म’ आहे. आरमध्ये कंसातला सरासरीनंतरचा आकडा प्रमाण विचलनाचा असतो, जॅग्जमध्ये अचूकतेचा, म्हणजे प्रचरणाच्या व्यस्ताचा. ‘मला आधीपासून फारसं काही ठाऊक नाही’ असं सांगण्यासाठी संशोधकानं ० आणि १०० लिहिलं, तर आर त्याचा अर्थ विचलन १०० असा घेतं आणि जॅग्ज ०.१. हजार पटींचा फरक! पडद्यावर चुकीची सूचना येत नाही आणि शून्याला घट्ट चिकटलेलं गृहीतक पुढच्या सगळ्या निष्कर्षांत उतरतं. अशा ठिकाणी नाव लांबलचक झालं तरी चालेल, पण ते वेगळंच हवं.

शाळेत मध्य, मध्यक आणि बहुलक ही तिन्ही मापं एका दमात शिकवली जातात. आरमध्ये ‘मीन’ आणि ‘मीडियन’ अपेक्षेप्रमाणे वागतात. ‘मोड’ला मात्र वरचे आठ आकडे दिले, तर उत्तर येतं ‘न्यूमेरिक’, कारण ते फलन माहितीचा प्रकार सांगतं. बहुलक हवा असेल, तर ‘टेबल’ या फलनानं कोणता आकडा किती वेळा आला ते मांडून त्यातला ४ वेगळा शोधावा लागतो.