पाहुण्यांचं ताट, घरचं ताट

मैत्रिणींनो, मे महिन्याची सुट्टी लागली की तुमच्यापैकी कितीतरी जणी मुलाबाळांना घेऊन मालवणला जातात. होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, तारकर्लीला समुद्रात पाय बुडवायचे आणि दुपारी कडकडून भूक लागली की एखाद्या घरगुती खानावळीत शिरायचं. समोर ताट येतं. तळलेली सुरमई, तिखट आमटी, वडे, भात आणि वाटीत गुलाबी सोलकढी! "याला म्हणतात मालवणी जेवण!" असं म्हणत आपण तृप्त होतो. पण एक विचारू? ज्या बाईनं हे सगळं रांधलं, तिनं स्वतः त्या दुपारी काय खाल्लं असेल?

मला हा प्रश्न पडला तो माझ्या सासरीच. आमचं घर मालवणजवळच्या एका वाडीत. आम्ही नोकरीनिमित्त कोल्हापूरला, थोरल्या जाऊबाई मात्र गावच्या घरी. घराच्या दोन खोल्या त्यांनी पर्यटकांसाठी काढल्यात आणि जेवणाचीही सोय केलीय. मागच्या मे महिन्यात मी गेले, तेव्हा अठरा पानं उठवून तीन वाजता वयनी मागच्या पडवीत जेवायला बसल्या. पानात होती कुळथाची पिठी, भात आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा. मीही तेच वाढून घेतलं. काय सांगू! पहिल्या घासालाच सासूबाईंची आठवण झाली.

"वयनी, हे पाहुण्यांना का नाही हो वाढत?"

वयनी हसल्या. "पावण्यांका सुरमय नि कोंबडी होयी गो! कुळथाची पिठी मागणारो अजून जल्माक येवचो आसा!"

मग काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा विषय निघाला. म्हाळाच्या दिवशी वड्यांबरोबर आमच्या घरी ते व्हायचंच. वयनींची सून घाटावरची, हुशार, कामाला वाघीण. सुरमईला मसाला लावून ती अशी खरपूस तळते की पाहत राहावं. पण ती म्हणाली, "काकी, ते सांबारं मी अजून एकदाही केलेलं नाही. रोज कुणी मागतच नाही ना!"

वयनी गप्प झाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझ्या सासूचो हात माझ्याबरोबरच जातलो."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना.

मुंबईच मालवणला आली

पूर्वी मालवणचा मुलगा मुंबईला जायचा आणि घरी मनिऑर्डर यायची. आता मुंबईच मालवणला येते! १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली आणि कुडाळ, कणकवली स्टेशनांवर पाहुणे उतरू लागले. २०२१ मध्ये तर चिपीला विमानतळही झाला.

यात वाईट काही नाही बरं का! पर्यटकांच्या पैशानं वयनींच्या घरावर नवी कौलं चढली, फ्रीज आला, नातीच्या शाळेची फी भरली गेली. चार पैसे मिळाले म्हणून नाकं मुरडण्याचं कारण नाही. पण पाहुण्यानं मागितलं तेच रांधायचं, असा नेम झाला की घरचं ताट हळूहळू आटत जातं. शिरवाळे आणि गुळातला नारळाचा रस, घावन-घाटलं, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, हे पदार्थ कुणी बंद केले नाहीत. त्यांची पाळीच येईना, इतकंच!

शिवाय घरच्या ताटाला ऋतू असतो. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांसाठीच तर आपल्या आज्या उन्हाळ्यात मासे सुकवायच्या, कुळीथ साठवायच्या, रातांब्याच्या साली त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून आमसुलं वाळवायच्या. बारा महिने सुरमई मागणाऱ्या पाहुण्याला हे कोण सांगणार?

नाटकाचं तेच, स्वयंपाकाचं तेच

हे फक्त जेवणाचं नाही. आपल्या दशावताराचं पाहा. जत्रेत देवाची पालखी फिरली की मध्यरात्री गणपती आणि ऋद्धि-सिद्धि येणार, मग संकासुर हसवणार आणि त्यानंतर आख्यान पहाटेपर्यंत रंगणार. यात संवाद लिहिलेले नसतात. कलावंत उभ्या उभ्या बोलतात. हे ऐकून शिकायचं असतं, पुस्तकातून नव्हे. आता पाहुण्यांच्या सोयीसाठी तासाभराचे प्रयोगही होतात. त्यानं कलावंताला बिदागी मिळते, मिळायलाच हवी. पण उद्या तासाभराचाच दशावतार उरला, तर रात्रभराचं आख्यान कुणाला येईल?

आता तुम्हीच सांगा, आपल्या मसाल्याचं माप तरी कुठं लिहिलेलं असतं? "घाल अंदाजानं" एवढंच तर सासूबाई सांगतात! जे लिहिलेलं नाही, ते करत राहिलं तरच टिकतं.

आणि लोकांना आवडणार नाही, हे आपण आधीच का ठरवावं? एके काळी चार शहरी माणसांत मालवणी बोलायची आपल्याला लाज वाटे. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले आणि ज्यांना मालवणी येत नाही तेही पोट धरून हसले. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या, गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कुणी मागायची वाट पाहत ते बसले नाहीत. आपलं आहे ते त्यांनी पुढे मांडलं.

पाटीवर नाव कुणाचं?

मी वयनींना म्हटलं, "मग तुम्हीही मांडा की!" तेव्हा खरं दुखणं बाहेर आलं.

"माझ्या हातात काय आसा गो? पाटयेर नाव झिलाचा, हिशोब तेंच्याकडे, नि धूर तेवडो माझ्या नाकात!"

बघा! पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत राबणारी बाई, आणि ताटात काय वाढायचं हे ठरवायचा हक्क तिला नाही. कारण पैसा तिच्या नावावर नाही.

यावर मला गिरणगावातल्या खानावळवाल्या आठवल्या. वयनींची मावशीच लालबागला कामगारांना जेवण घाली. कोकणातून आणि देशावरून एकटे आलेले गिरणीकामगार अशा बायकांच्या हातचं जेवून जगले. पण त्या बायकांच्या कामाला कुणी धंदा म्हणत नसे. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांतच त्यांचा जन्म जाई. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळालं, तेही बाईच्या स्वतःच्या नावावर! चूल तीच, भाकरी तीच, पण नाव कागदावर चढलं आणि घरातला शब्दही वजनदार झाला.

हे सगळं आम्ही त्या पडवीत बसून बोललो. सून सारं कान देऊन ऐकत होती.

दिवाळीत गेले तेव्हा

दिवाळीत पुन्हा गेले, तर ओसरीवर एक फळा टांगलेला! त्यावर सुनेच्या अक्षरात लिहिलं होतं : "बुधवार : आमच्या घरचं पान". त्या दिवशी पिठी किंवा सांबारं, आंबोळी आणि गोडाला शिरवाळे. बाकीचे सहा दिवस सुरमई आहेच. बँकेत वयनी आणि सून यांचं जोडखातं निघालं होतं आणि बुधवारचे पैसे त्यातच जात होते.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. पहिल्याच बुधवारी दोघा पाहुण्यांनी "मासा कुठाय?" म्हणून पान सरकवलं. थोरले भावजी "धंदो बुडवतलास!" म्हणून अजून कुरकुरतात. पाटी अजून मुलाच्याच नावाची आहे. पण पुण्याच्या एका आजींनी दोनदा सांबारं मागून घेतलं आणि कृती लिहून नेली. ती सांगितली कुणी? सुनेनं! वयनी नुसत्या बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. तेव्हाचा त्यांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

म्हणून मैत्रिणींनो, दोन गोष्टी सांगते. मालवणला गेलात तर सुरमई जरूर खा, पण आत डोकावून विचारा, "वयनी, आज तुमच्या घरी काय केलंय?" एका पाहुणीनं मागितलं तरी तो पदार्थ आणखी काही दिवस जगतो. आणि तुम्ही स्वतः डबे, पापड, मसाले असा काही उद्योग करत असाल, तर आपल्या कामाचे तास वहीत लिहा, किंमत ठरवताना ते धरा. बँकेचं खातं आणि अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी आपल्या नावावर करून घ्या. लाजू नका, भांडूही नका, पण मागे हटू नका. ताट आपण वाढतो ना? मग त्यात काय असावं, हे ठरवण्यात आपला शब्द हवाच!

काळ्या वाटाण्याचं सांबारं (चौघांसाठी)

एक वाटी काळे वाटाणे रात्रभर भिजत घालून सकाळी मीठ टाकून मऊ शिजवा. पाणी टाकू नका, त्यातच चव असते. एक कांदा आणि एक वाटी ओलं खोबरं थोड्या तेलावर तांबूस भाजा. त्यातच एक चमचा धणे, दोन लवंगा, चार मिरी आणि थोडी बडीशेप परता आणि बारीक वाटा. तेलात चिरलेला कांदा परतून दोन चमचे मालवणी मसाला, वाटण आणि वाटाणे पाण्यासकट घाला. दोन आमसुलं टाकून दहा मिनिटं मंद आंचेवर उकळा. वडे किंवा आंबोळीबरोबर वाढा आणि एखादं पान स्वतःसाठीही गरम असतानाच वाढून घ्या!