गावाची चित्रवही : फ्रीसलंडपासून गुढियारीपर्यंत

नेदरलँड्सच्या उत्तरेस फ्रीसलंड नावाचा सखल प्रांत आहे. समुद्राचे पाणी आत शिरत असे, त्या काळी तेथील लोकांनी मातीचे उंचवटे रचले आणि त्यांवर खेडी वसवली. भोवताली कालवे, ओलसर कुरणे आणि दुभती गुरे, असे या खेड्यांचे स्वरूप. यांपैकी विवेर्ड या लहानशा गावी १६८५-८६च्या सुमारास मारिया सिबिला मेरियन आपली आई आणि दोन मुली यांच्यासह राहावयास आल्या. तेथील एका धार्मिक समुदायात त्यांनी काही वर्षे साधेपणाने काढली. त्यांच्या सामानात एक वही होती. कीटकशास्त्राच्या इतिहासात त्या वहीला आज मोठे स्थान आहे.

मेरियन यांचा जन्म १६४७ साली फ्रँकफुर्ट येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी, १६६० मध्ये, त्यांनी रेशीमकिड्याचे निरीक्षण सुरू केले. पुढे जी अळी सापडेल ती घरी आणावी, तिला तिचा पाला खाऊ घालावा, ती कोषात केव्हा गेली आणि त्यातून काय बाहेर पडले हे पाहावे आणि प्रत्येक अवस्थेचे छोटे रंगीत चित्र काढावे, हा त्यांचा परिपाठ झाला. कीटक चिखलातून किंवा कुजक्या पदार्थांतून आपोआप उत्पन्न होतात, असा समज त्या काळी सर्वदूर होता. इटलीच्या फ्रान्चेस्को रेडी यांनी मांसावरील माश्यांचा प्रसिद्ध प्रयोग १६६८ मध्ये मांडला. त्याच्या आठ वर्षे आधीच मेरियन यांची वही सुरू झालेली होती. विवेर्डमध्ये त्यांनी जुन्या नोंदी नीट लावल्या, चित्रे क्रमाने बसवली आणि भोवतालच्या पाणथळीतील बेडकांकडेही लक्ष वळवले. अंडी, शेपटीचे पिल्लू, मग फुटणारे पाय, हा क्रम त्यांनी टप्प्याटप्प्याने चितारला.

क्षेत्रीय काम करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांसाठी आणि जाणत्या शेतकऱ्यांसाठी या वहीत आजही उपयोगाचे बरेच काही आहे. त्यातील तीन गोष्टींचा येथे विचार केला आहे.

जे दिसले ते, उमगले नाही तरी

मेरियन यांच्या आधी चित्रकार कीटक काढत, परंतु बहुधा सुटा, टाचणीला टोचलेला. मेरियन यांनी अंडी, अळी, कोष आणि प्रौढ या अवस्था यजमान वनस्पतीसह एकाच पानावर आणल्या. कोणती अळी कोणत्या झाडावर जगते, हा प्रश्न त्यामुळे चित्रातच सुटला. १६७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सुरवंटविषयक ग्रंथाच्या पहिल्या भागातील ५० चित्रे याच पद्धतीची आहेत.

कधी कधी अळीतून फुलपाखरू न निघता बारीक माश्या किंवा गांधीलमाशीसारखे चिमुकले कीटक बाहेर पडत. ते असे का होते, याचा उलगडा त्या काळी झालेला नव्हता. तरीही मेरियन यांनी ही चित्रे फाडून टाकली नाहीत. जे दिसले ते त्यांनी काढून ठेवले. ते परोपजीवी मित्रकीटक होते, हे पुढील पिढ्यांना या चित्रांवरून ओळखता आले. आज जैविक कीड नियंत्रण ज्या कीटकांवर उभे आहे, त्यांची ही फार जुनी नोंद होय.

पाहिलेले आणि ऐकलेले

१६९१ मध्ये मेरियन आम्स्टरडॅमला गेल्या आणि १६९९ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, धाकट्या मुलीसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत पोहोचल्या. आजारपणामुळे १७०१ मध्ये त्यांना परतावे लागले. १७०५ साली सुरिनामच्या कीटकांवरील त्यांचा ६० चित्रांचा ग्रंथ निघाला.

त्यात एक प्रसिद्ध चूकही आहे. डोक्यावर फुगीर शिंगासारखा भाग असलेल्या कंदीलकिड्याचे डोके रात्री उजळते आणि त्या उजेडात वाचता येते, असे त्यांनी लिहिले. वास्तविक हा कीटक प्रकाश देत नाही. आपल्याकडील उसावरील पायरिला आणि भातावरील तपकिरी तुडतुडे हे याच गटातील नातलग आहेत. पायरिलाचे टोकदार मुख पाहिलेल्यास हे साम्य सहज पटेल. इतक्या काटेकोर निरीक्षकाच्याही हातून असे घडू शकते. म्हणून वहीत ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ यांच्यासाठी निरनिराळी जागा ठेवणे हितावह ठरते.

समासातील नाव

त्याच ग्रंथात आपल्या अंगणांत सर्वत्र दिसणारा शंकासूर आहे. लाल-पिवळ्या फुलांच्या या झुडपाविषयी मेरियन यांनी लिहिले आहे, की गुलाम केलेल्या स्त्रिया त्याच्या बिया गर्भपातासाठी वापरतात, कारण आपली मुले गुलामगिरीत जन्मू नयेत असे त्यांना वाटते. ही गोष्ट त्या स्त्रियांनी स्वतः सांगितल्याचेही त्यांनी नमूद केले. वनस्पतीच्या एका चित्राशेजारी एवढे मोठे दुःख टिकून राहिले ते या नोंदीमुळेच. मात्र सांगणाऱ्यांपैकी एकीचेही नाव तेथे नाही.

त्याच काळातील दुसऱ्या डच ग्रंथात वेगळे चित्र दिसते. कोचीचे डच अधिकारी हेन्‍ड्रिक व्हान रीड यांच्या पुढाकाराने ‘होर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे १२ खंडांत प्रसिद्ध झाला. त्याला माहिती पुरवणारे मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन तसेच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्य यांची नावे ग्रंथात छापलेली आहेत. या तिघांचे १६७५ सालचे कोंकणी निवेदन नागरी लिपीतच मुद्रित झाले आहे. गोव्याकडून दक्षिणेस गेलेल्या समाजातील हे वैद्य साडेतीनशे वर्षांनंतरही नावानिशी ओळखले जातात. कोणाचे ज्ञान कोणाच्या नावे राहणार, हे पुष्कळदा वहीच्या समासात लिहिलेल्या एका ओळीवर ठरते.

फ्रीसलंडच्या खेड्यांत अशा नावाला मान देणारी एक परंपरा होती. वसंत ऋतूत कुरणांत टिटवीचे वर्षातील पहिले अंडे शोधायचे आणि ते प्रांताच्या प्रमुखाकडे सन्मानाने न्यायचे. शोधणाऱ्याचे नाव सर्वत्र होई. पुढे टिटव्यांची संख्या घटली आणि अंडी उचलण्यावर निर्बंध आले. तेव्हा शोधण्याची हीच पारखी नजर घरटी वाचवण्याकडे वळली. स्वयंसेवक घरट्याजवळ खूण करतात आणि शेतकरी गवत कापताना तेवढी जागा सोडतो. परंपरा टाकून न देता तिच्यातील निरीक्षणाचा उपयोग करून घेण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

गुढियारीहून पुढे

नागपूर, भंडारा, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर हा लोहमार्ग भाताच्या पट्ट्यातून जातो. रायपूर स्थानकाला लागून असलेला गुढियारी हा भाग ठोक व्यापारासाठी ओळखला जातो. भोसल्यांच्या राजवटीपासून या शहराचा मराठीशी संबंध आहे. विदर्भातून अभ्यासदौऱ्यावर येणाऱ्याने आपल्या चित्रवहीचे पहिले पान येथेच उघडावे. बाजारपेठेत भिंगातून पाहण्याजोगे पुष्कळ काही असते. तांदळातील सोंडकिडा हा कोणत्याही धान्यपेठेचा जुना सोबती. तांदळाला जाळी करणारा कॉर्सिरा पतंग साठवणुकीत शत्रू ठरतो. प्रयोगशाळेत मात्र त्याच्याच अंड्यांवर ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक वाढवला जातो. दोन्ही बाजू एका पानावर आल्या, तर हा संबंध शेतीशाळेत निराळा समजावून सांगावा लागत नाही.

पेठेतून गावाकडे निघाल्यावर पहिली अडचण शब्दांची येते. छत्तीसगढी शेतकरी ‘माहो’ म्हणतो, तेव्हा मराठी कानाला ‘मावा’ ऐकू येतो. भाताच्या संदर्भात त्याला बहुधा तुडतुडे अभिप्रेत असतात. ‘गंगई’ म्हणजे आपली गादमाशी. शब्दापुढे चित्र काढून शेतकऱ्याला दाखवले, की गोंधळ जागच्या जागी मिटतो. कारण चित्र चुकले असेल तर तो लगेच बोट ठेवून सांगतो.

हा गोंधळ न मिटण्याची किंमत खिशातून द्यावी लागते. खोडकिड्याने मेलेला गाभा आणि गादमाशीचा चंदेरी पोंगा दुरून सारखेच वाटू शकतात. मेलेला गाभा ओढताच सहज निघून येतो आणि त्याचे बूड कुरतडलेले असते. चंदेरी पोंगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ असतो. पोंगा बाहेर दिसू लागतो, तोवर आतील अळीने आपले काम उरकलेले असते. त्या फुटव्याला नंतरची फवारणी वाचवू शकत नाही. उलट, प्लॅटिगॅस्टर ही चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी मात्र फवारणीने मरते. दहा पोंगे चिरून आत काय दिसले ते चितारले, तर शेतात मित्रकीटक काम करीत आहेत की नाहीत, हे फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वीच समजते.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची. छत्तीसगढमध्ये महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे तेथील सावन अमावास्येची हरेली म्हणजे आपल्याकडील आषाढ अमावास्या. तेथील भादो अमावास्येचा पोरा आणि विदर्भाचा पोळा मात्र एकाच दिवशी येतात. ‘हरेलीनंतर आठ दिवसांनी कीड दिसली’ अशी माहिती मिळाल्यास तिथीबरोबर इंग्रजी तारीखही लिहावी. अन्यथा दोन राज्यांच्या नोंदींत महिन्याचा फरक पडेल.

हरेलीला नांगर, कुदळ आदी अवजारे धुऊन पुजली जातात, दारावर कडुनिंबाची डहाळी खोचली जाते, मुले गेडीवर चढून चालतात. काही भागांत शेतात भेलव्याची, म्हणजे बिब्ब्याची, फांदीही रोवतात. पिकाचे रक्षण होते, अशी त्यामागील श्रद्धा आहे. तिची खिल्ली उडवू नये आणि तिला घाईने वैज्ञानिक ठरवूही नये. त्या फांदीवर पक्षी बसतो काय, कोणता बसतो, खाली कोणत्या अळ्या आहेत, हे तासभर बसून काढावे आणि मोजावे. आपण पक्षीथांबे लावण्याची शिफारस करतो. गावाच्या रोवलेल्या फांदीकडे त्याच दृष्टीने पाहून खरे काय ते ठरवता येईल.

नावाचा प्रश्न येथेही आहे. ज्येष्ठ भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात रायपूर येथे काम करताना गावोगावचे हजारो भातवाण गोळा करविले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आज २३ हजारांहून अधिक भातनमुने जतन केलेले आहेत. दुबराज, जवाफूल, विष्णुभोग ही नावे शेतकऱ्यांनी दिली. या संग्रहातील प्रत्येक दाण्यामागे तो निवडून राखणारा कोणी तरी होता. वाण गोळा करताना किंवा त्याचे चित्र काढताना त्या शेतकऱ्याचे आणि गावाचे नाव, त्यांची संमती घेऊन, त्याच पानावर लिहिणे एवढे तरी निश्चितच शक्य आहे.

पानाची मांडणी

चित्रवहीसाठी महागडे साहित्य लागत नाही. खिशात मावणारी कोऱ्या जाड कागदाची वही, शिसपेन्सिल, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि लहान मोजपट्टी पुरेशी आहे. पानाच्या वरच्या भागात तारीख, स्थानिक तिथी, गाव, पीक, वाण, पिकाची अवस्था आणि बांधीतील पाण्याची स्थिती लिहावी. मध्यभागी चित्र काढावे. कीटकाबरोबर तो ज्या भागावर सापडला तो भाग काढावा आणि शेजारी खऱ्या लांबीची रेघ ओढावी. चित्राखाली तीन ओळी ठेवाव्यात. पहिलीत स्वतः पाहिलेले, दुसरीत ऐकलेले आणि सांगणाऱ्याचे नाव, तिसरीत न उमगलेले. तिसरी ओळ रिकामी ठेवण्याचा मोह टाळावा, कारण पुढील भेटीत नेमके काय पाहायचे ते तीच सांगते.

भ्रमणध्वनीवर छायाचित्र अवश्य घ्यावे. ओळख पटवण्यासाठी ते तज्ज्ञाकडे क्षणात पाठवता येते. परंतु छायाचित्र एका टिचकीत निघते. चित्रासाठी पाय किती, पंखावरील शिरा कशा, अळी पानाच्या वर की खाली, हे पाहावेच लागते. शिवाय बांधावर बसून चित्र काढणाऱ्याभोवती माणसे जमतात आणि प्रश्नावलीतून न मिळणारी माहिती आपणहून सांगू लागतात. चित्र सुबक असण्याची गरज नाही, ते खरे असावे.

मेरियन यांचे जानेवारी १७१७ मध्ये आम्स्टरडॅम येथे निधन झाले. त्याच सुमारास त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह रशियाचा सम्राट पीटर याच्यासाठी विकत घेण्यात आला. त्यांची अभ्यासवही सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात आजही जपलेली आहे. येत्या खरिपात प्रत्येक कृषी सहायकाने आणि प्रत्येक शेतीशाळेने अशी एक वही सुरू करावी आणि हंगामाच्या शेवटी ती गावासमोर उघडावी. ज्यांनी सांगितले, त्यांना आपले नाव तेथे वाचता आले पाहिजे.