नियमावलीतला 'तो' : सर्वनामे लिहिताना कोण बाहेर राहते?

अल्लीपूर (ता. हिंगणघाट, जि. वर्धा) येथे आम्ही काही तरुण कार्यकर्ते विहारात अभ्यासिका चालवतो. यंदा तिची नियमावली आणि सभासद अर्ज नव्याने लिहायला बसलो. जुना कागद वाचला तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'तो'च. "जो सभासद सलग तीन सभांना गैरहजर राहील, त्याचे सभासदत्व रद्द होईल." अभ्यासिकेत येणाऱ्या निम्म्या मुली आहेत. आणि आमच्यातच एक जण असे होते, ज्यांना अर्जातल्या 'पुरुष / स्त्री' यांपैकी एकाही चौकटीत खूण करता येईना. त्यांनी अर्ज कोराच परत केला आणि येणे बंद केले. कोणी अपमान केला नव्हता, कागदानेच दार लावले होते.

"'तो'मध्ये 'ती' आलीच की!" असे काही मित्र म्हणाले. कायद्यात तशी सोय आहे. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम 13 नुसार पुल्लिंगी शब्दात स्त्रियांचाही समावेश धरतात. पण ही अर्थ लावण्याची सोय झाली. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेबांनी 1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. ती परंपरा सांगणाऱ्यांनी मुलींना 'त्यात आलीच' म्हणून गृहीत धरणे बरे नाही.

शिवाय जे 'तो'ही नाहीत आणि 'ती'ही नाहीत, त्यांचे काय? 2011 च्या जनगणनेत देशभरात 4,87,803 व्यक्तींची नोंद 'इतर' या रकान्यात झाली. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्यासाठी आधार घेतला तो संविधानातील समता, स्वातंत्र्य आणि सन्मानाने जगण्याच्या हक्कांचा.

मराठीची अडचण आणि मराठीतच वाट

मराठीत सर्वनाम बदलून भागत नाही, क्रियापदही लिंग सांगते. 'मी आलो', 'मी आले' एवढ्यावरून बोलणारी व्यक्ती कोण ते कळते. 'ते' वापरा, असा सल्ला काही जण देतात. पण जपून. 'ते आले' हा आदर आहे, तरी रूप पुल्लिंगीच. आणि 'ते आलं' म्हटले की माणसाची वस्तू होते. तृतीयपंथी व्यक्तींना गावात हेच ऐकावे लागते.

वाटही मराठीतच आहे. 'आम्ही आलो', 'तुम्ही आलात' ही रूपे सर्वांना सारखी. 'त्यांना', 'त्यांचे', 'ज्यांनी', 'यांनी' यांतही लिंग दिसत नाही. म्हणून आम्ही असे बदल केले :

- 'जो सभासद गैरहजर राहील त्याचे' ऐवजी 'गैरहजर राहणाऱ्यांचे सभासदत्व रद्द होईल'.
- 'तो अर्ज करू शकतो' ऐवजी 'इच्छुकांनी अर्ज करावा'.
- इतिवृत्तात 'अमुक म्हणाला / म्हणाली' ऐवजी 'अमुक यांनी मत मांडले'.
- नावापुढे आयुष्मान, आयुष्मती असे वेगळे न लिहिता सर्वांना 'आयु.'.
- 'युवक मंडळ' ऐवजी 'युवा मंडळ'.

यातला एकही शब्द नवा नाही. वाक्य फक्त थोडे फिरवावे लागते.

दोन गोष्टींची काळजी

पहिली, सगळीकडे लिंग पुसायचे नाही. मुलींसाठी संध्याकाळची सुरक्षित वेळ किंवा समितीत त्यांच्या निम्म्या जागा असा नियम असेल, तर तिथे 'मुली' असेच स्पष्ट लिहावे. नाहीतर समावेशक भाषेच्या आड पुन्हा मुलीच दिसेनाशा होतील.

दुसरी, विचारावे, पण चारचौघांत नाही. 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' हा प्रश्न एकांतात विचारावा. आमच्या अर्जात आता 'लिंग' हा रकाना ऐच्छिक आहे आणि त्यात स्वतःच्या शब्दांत लिहायला मोकळी जागा आहे. पण भरलेले अर्ज टेबलावर उघडे पडत नाहीत. गावात एका नोंदीवरून घर सुटू शकते, हे काम करताना आम्ही पाहिले आहे. कोणी मुलगी म्हणून ओळख सांगितली तर 'ती'च म्हणावे, तिला बळेच 'ते' करू नये.

सोमा थेरींची गोष्ट आपण ऐकतो. स्त्रीची बुद्धी ती केवढी, असे मार हिणवतो. चित्त स्थिर असेल तिथे स्त्रीपणाचा काय संबंध, असे त्या उलट विचारतात. सम्यक वाचा म्हणजे खोटे, कठोर न बोलणे, हे आपण रोज सांगतो. माणूस जे नाही ते त्याला म्हणत राहणे, हेही त्यातच येते.

वरचे शेवटचे वाक्य आम्हीच लिहिले आणि त्यात 'त्याला' आलेच. सवय अशी चिवट असते. ते तसेच ठेवले आहे, कारण चूक लपवण्यापेक्षा दाखवणे बरे. 'माणसाला तो जे नाही ते' असे लिहूनही 'तो' जात नाही. 'कोणालाही चुकीच्या ओळखीने हाक मारत राहणे' असे लिहिले की जातो.

नवा अर्ज आम्ही त्या मित्राच्या... नव्हे, त्या सोबत्यांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो ठेवून घेतला आहे. आपल्या मंडळाची नियमावलीही एकदा काढून वाचा आणि त्यात 'तो' किती वेळा येतो ते मोजा.

जय भीम!