पहिला कॅमेरा घेताना

शॉर्टफिल्म करायची आहे आणि खिसा हलका आहे, तर सगळे पैसे कॅमेऱ्यात ओतू नका. दिग्दर्शक शॉन बेकर यांचा ‘टँजरीन’ (२०१५) हा चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित झाला. आवाज मात्र वेगळ्या, चांगल्या माइकवर घेतला होता.

म्हणून आधी बाहेरचा माइक जोडायची सोय पाहा. मग फोकस, शटर आणि एक्स्पोजर स्वतः ठरवता येतात का ते तपासा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने चुकीच्या शटरवर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं, की बहुधा ते थांबतं.

फोर-केचा हिशेबही आधीच करा. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाभराच्या चित्रणाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. म्हणजे कार्ड आणि हार्ड डिस्कचा खर्च आलाच.

सेकंडहँड कॅमेरा घेताना अ‍ॅपर्चर बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. अर्धा तास सलग रेकॉर्डिंग लावून तो तापून बंद पडतो का, तेही बघा. महागडी लेन्स शूटिंगपुरती भाड्याने आणा. उरलेल्या पैशांत माइक, ट्रायपॉड आणि एक जादा बॅटरी घ्या.