काखेतला कळसा : उंद्री ते लोणार

'काखेत कळसा नि गावाला वळसा' ही म्हण पर्यटनाला जितकी चपखल बसते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला बसत असेल. सुटी लागली की विदर्भातील मध्यमवर्गीय कुटुंब महाबळेश्वर, गोवा किंवा थेट राजस्थानचे आरक्षण शोधू लागते. उदयपूरच्या तलावाकाठी छायाचित्रे काढून ते परत येते. आपल्याच जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वीचे तलाव आहेत, पायऱ्यांच्या कोरीव बारवा आहेत आणि जगभरचे भूशास्त्रज्ञ ज्याचा अभ्यास करायला येतात असे सरोवरही आहे, याची आठवण त्याला बहुधा पाहुणे आल्यावरच होते. बुलडाणा जिल्ह्यात तर हे फारच प्रकर्षाने जाणवते. अनेकांनी लोणार पाहिले ते शाळेच्या सहलीत आणि सिंदखेडराजा पाहिला तो १२ जानेवारीच्या गर्दीत. त्यानंतर त्या वाटेला पुन्हा जाणे झालेच नाही.

चिखली-खामगाव रस्त्यावरील उंद्री हे चिखली तालुक्यातील गाव या दृष्टीने मोठ्या मोक्याच्या जागी आहे. येथून उत्तरेकडे निघालेला प्रवासी खामगावमार्गे शेगावला पोहोचतो. श्री गजानन महाराजांच्या दर्शनाला जाणाऱ्यांची या दिशेने वर्षभर वर्दळ असते. मात्र त्याच रस्त्याने दक्षिणेकडे वळले, तर अमडापूरची बल्लाळदेवी आणि चिखली मागे टाकून सिंदखेडराजा, मेहकर आणि लोणार अशी एक सुरेख फेरी करता येते. या फेरीतील प्रत्येक ठिकाणाचे नाते पाण्याशी आहे. कुठे पाणी अडवले आहे, कुठे ते वाहते आहे आणि कुठे ते हजारो वर्षे एकाच जागी साचून राहिले आहे.

पाषाणातले जलव्यवस्थापन

सिंदखेडराजा म्हटले की राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान एवढेच बहुतेकांना आठवते. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतारीख मानली जाते आणि दरवर्षी त्या दिवशी लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यासमोर जनसागर लोटतो. तो जनसागर ओसरल्यावरही पाहण्यासारखे पुष्कळ उरते. राजवाड्याचे भव्य प्रवेशद्वार, ज्याच्याशी जिजाऊ आणि शहाजीराजांच्या रंगपंचमीची कथा जोडली गेली आहे तो रंगमहाल, नीळकंठेश्वराचे प्राचीन मंदिर, काळ्या पाषाणाच्या जाडजूड भिंतींचा काळाकोट असे एकेक पाहत गेले, तरी दिवस अपुरा पडतो.

परंतु या नगराचे खरे शहाणपण त्याच्या पाण्यात आहे. हा सारा प्रदेश काळ्या बेसाल्टचा. या खडकात पाणी सहज मुरत नाही. पाऊस पडला की ते उतारावरून वाहून जाते. तेव्हा नगर वसवायचे, फौज आणि जनावरे पोसायची, तर पावसाचे पाणी अडवण्यावाचून गत्यंतर नव्हते. मोती तलाव हे त्याचेच उत्तर. या तलावाचा बांध म्हणजे केवळ मातीदगडाची भिंत नव्हे. त्याच्या दर्शनी भागात एखाद्या किल्ल्याच्या तटासारखे मजल्यांचे दगडी बांधकाम असून पाणी सोडण्याची व्यवस्थाही त्यातच केलेली आहे. पाण्यावर नजर ठेवणे, ते मोजून सोडणे आणि त्याच्या काठी विसावणे ही तिन्ही कामे एकाच वास्तूत साधावीत, ही दृष्टी आजच्या धरणांच्या आराखड्यांतही अभावानेच आढळते. चांदणी तलावात तर पाण्याच्या मधोमध तीन मजली इमारत उभी आहे.

पुतळा बारव हा याच व्यवस्थेचा दुसरा पैलू. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. साध्या विहिरीचे पाणी खाली गेले, की दोर वाढवावा लागतो. बारवेत माणूसच पाण्यापर्यंत उतरतो. पावसाळ्यात वरच्या पायरीशी असलेले पाणी उन्हाळ्यात तळाशी जाते आणि किती पाणी उरले आहे, हे गावातल्या प्रत्येकाला डोळ्यांनी दिसते. या बारवेच्या भिंतींवर कोरलेल्या पुतळ्यांवरूनच तिला हे नाव पडले. पाणी भरण्याच्या रोजच्या जागेवरही शिल्पे कोरावीत असे ज्या समाजाला वाटले, त्याच्या लेखी पाण्याची किंमत काय असेल, हे निराळे सांगायला नको.

लखुजीराव जाधव आणि त्यांच्या मुलांची १६२९ मध्ये निजामशाही दरबारात दगाफटका करून हत्या झाली. सिंदखेडराजातील त्यांची समाधी ही चौरस आकाराची भव्य वास्तू आहे. जून २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे पथक याच समाधीच्या जतनाचे काम करीत असताना जवळच जमिनीखाली एका मंदिराचे अवशेष लागले आणि पुढे शेषशायी विष्णूची सुमारे पावणेदोन मीटर लांबीची देखणी मूर्ती प्रकट झाली. तिच्यावर समुद्रमंथनाचाही प्रसंग कोरलेला आहे. ज्या आवारात पिढ्यान् पिढ्या लोक वावरले, त्याच्याच खाली ही मूर्ती होती. आपल्या गावाबद्दल सर्व काही ठाऊक आहे, असे मानणाऱ्यांना याहून बोलका धडा कोणता?

साखरखेर्डा आणि मेहकर

सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे आज थांबणारे प्रवासी थोडे. पण ऑक्टोबर १७२४ मध्ये या परिसरात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांच्यात झालेल्या लढाईने दख्खनचा इतिहास बदलला. मुबारिजखान मारला गेला आणि निजामाची सत्ता दिल्लीच्या वर्चस्वातून व्यवहारतः मोकळी झाली. हैदराबाद संस्थानाचा पाया येथे घातला गेला, असे म्हणता येते. विजयाची खूण म्हणून गावाला 'फतेहखेर्डा' असे नावही देण्यात आले. लोकांच्या जिभेवर मात्र जुनेच नाव टिकले.

मेहकर हे पैनगंगेच्या काठचे गाव. बुलडाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी ही नदी येथवर येते, तेव्हा तिचे पात्र ओळखीचे होऊ लागलेले असते. पुढे विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवरून लांबचा प्रवास करीत ती वर्धा नदीला मिळते. मेहकरात १८८८ मध्ये जमिनीखालून निघालेली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातील भव्य मूर्ती हे येथील मुख्य आकर्षण. गावाबाहेरच्या टेकडीवर कंचनीच्या महालाचे भग्न अवशेष आहेत, तर जुनी हेमाडपंती धर्मशाळा प्रवाशांची सोय पाहणाऱ्या काळाची साक्ष देते. नदीकाठ मात्र आज कुठल्याही तालुक्याच्या गावासारखाच दिसतो. घाटावर बसावे, असे वाटायला लावणारे वातावरण निर्माण करणे नगरपालिकेच्या आणि नागरिकांच्याही हाती आहे.

लोणार : आकाशातून पडलेले वैभव

मेहकरहून सुमारे पंचवीस किलोमीटरवर लोणार आहे. सपाट माळावरून चालताना अचानक पायाखालची जमीन संपावी आणि समोर प्रचंड वर्तुळाकार खळगा उघडावा, असा हा अनुभव. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचा आणि काठापासून सुमारे दीडशे मीटर खोल असलेला हा खळगा उल्कापाताने तयार झाला. पूर्वी तो ज्वालामुखीचे मुख समजला जाई. १९७० च्या दशकाच्या आरंभी भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी येथे छिद्रे घेऊन खडकांचे नमुने तपासले. त्यांत केवळ अतिप्रचंड आघातानेच होऊ शकणारे बदल आढळले आणि वादावर पडदा पडला. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेली आणि इतकी सुस्थितीत राहिलेली विवरे पृथ्वीवर अत्यंत दुर्मीळ आहेत. चंद्राचा पृष्ठभागही मोठ्या प्रमाणात बेसाल्टचा असल्यामुळे चंद्रावरील विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारला येतात. विवराचे वय पूर्वी सुमारे पन्नास हजार वर्षे सांगितले जाई. आर्गॉन पद्धतीने केलेल्या अलीकडच्या कालमापनात मात्र ते पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या आसपास निघाले आहे.

पाणी खारे का, याचे उत्तर खळग्याच्या आकारातच आहे. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी आत येते. बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. हे हजारो वर्षे चालले आहे. म्हणूनच काठावरची धार गोड आणि तळातले सरोवर अल्कधर्मी असा चमत्कार दिसतो. येथील क्षारांचा साबण आणि काच तयार करण्यासाठी उपयोग होत असल्याची नोंद अकबराच्या काळातील 'ऐन-ए-अकबरी'त आहे. लोककथेने याच खारेपणाचा संबंध लवणासुराशी जोडला. त्याचा वध करणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर लोणार गावात असून त्याच्या बाह्य भिंतींवरील शिल्पकाम तास-दोन तास थांबून पाहावे असे आहे.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि देशभर त्याची चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून क्षारता वाढल्यावर क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची वाढ होते आणि त्यांच्यातील रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसते, असा उलगडा झाला. पावसाळ्यानंतर रंग पूर्ववत झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून 'रामसर' दर्जा मिळाला. नांदूर-मध्यमेश्वरनंतर हा मान मिळवणारे ते राज्यातील दुसरे स्थळ. वन्यजीव अभयारण्याचा दर्जा तर त्याला २००० मध्येच मिळाला होता.

दर्जा मिळाला म्हणून काळजी मिटत नाही. अगदी काठाशी वाढलेल्या वस्तीचे सांडपाणी सरोवराकडे जाते, ही तक्रार जुनी आहे आणि सरोवराच्या रक्षणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. अलीकडच्या वर्षांत तर उलटीच चिंता उभी राहिली. पाण्याची पातळी वाढली आणि २०२५ मध्ये कमळजादेवीच्या मंदिरासह काठावरील काही मंदिरांना पाण्याने वेढले. गोडे पाणी असे वाढत राहिले, तर क्षारता घटते आणि या क्षारतेवरच जगणारी, इतरत्र सहसा न आढळणारी सूक्ष्मजीवसृष्टी धोक्यात येते. सामान्य तलावात जास्त पाणी म्हणजे सुबत्ता. लोणारमध्ये ते संकट ठरू शकते. हा फरक समजलेला पर्यटक सरोवरात साबण लावून अंघोळ करणार नाही, निर्माल्य टाकणार नाही आणि 'आठवण' म्हणून खडकाचा तुकडाही खिशात घालणार नाही.

पाहायचे कसे?

पावसाळा सरता सरता सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालणारा काळ या फेरीसाठी उत्तम. एका दिवसात सारे उरकण्याचा अट्टहास मात्र करू नये. पहिला दिवस सिंदखेडराजा आणि साखरखेर्डा, दुसरा मेहकर आणि लोणार अशी विभागणी सोयीची. लोणारच्या विवरात उतरायचे, तर सकाळी लवकर निघावे. चढण दमवणारी आहे आणि दुपारी सावली थोडी. पायांत चांगले बूट आणि सोबत पिण्याचे पाणी हवेच. काठाचा चिखल फसवा असल्याने मुलांना पाण्याजवळ एकटे सोडू नये. स्थानिक वाटाड्या घेतला, तर चार गोष्टी अधिक कळतात आणि गावात चार पैसे राहतात. नागपूर-शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गाने सिंदखेडराजा आणि मेहकर ही दोन्ही ठिकाणे दूरच्या शहरांनाही जवळ आली आहेत.

रस्ते झाले, फलक लागले, दर्जेही मिळाले. त्यांपुढचे काम सरकारी नाही. स्मारक टिकते ते त्याची विचारपूस करणाऱ्या माणसांमुळे. बांधावर उगवलेले पिंपळाचे रोप, बारवेत पडलेला कचरा, सरोवराकडे वळलेले गटार हे वर्षातून एकदा येणाऱ्या गर्दीला दिसत नाही. ते दर दोन-चार महिन्यांनी येणाऱ्या जवळच्या माणसाला दिसते आणि तोच त्याबद्दल बोलू शकतो. उंद्री, चिखली, खामगाव किंवा बुलडाण्यातील कुटुंबांनी सुटीतला एक रविवार जरी या वाटेसाठी राखून ठेवला, तरी चारशे वर्षे पाणी धरून ठेवणाऱ्या या बांधांना पुढच्या पिढीतही राखणदार मिळतील.