दोन पात्यांमधली कागदभर फट

धाराशिव जिल्ह्यात ज्वारीची काढणी उरकली की कडबाकुट्टी घरघरू लागते. आवाज जड झाला, तुकड्यांऐवजी चिंध्या पडू लागल्या, की आपण पात्याला बोल लावतो. पण निम्मा दोष फटीचा असतो. चाकावरचे पाते फिरते, तोंडाशी दुसरी पट्टी स्थिर असते. अडकित्त्यासारखे दोघे मिळून कापतात. फट वाढली की कडबा मध्येच दुमडतो, चेंगरतो आणि मोटर उगाच तापते.

गोल्फच्या हिरवळीवरचे गवत कापणारे फिरत्या पात्यांचे यंत्रही असेच. इंग्लंडच्या एडविन बडिंगने ते १८३० मध्ये काढले, तेही कापडावरची लव छाटणाऱ्या यंत्रावरून! गोल्फच्या हिरवळीवर भोकाभोवतीचे गवत जेमतेम ३ मिलिमीटर ठेवतात. बोथट पात्याने फाटलेली टोके तपकिरी पडतात. म्हणून पाती उलटी फिरवून, खरखरीत पेस्ट लावून धार जुळवतात आणि कागदाची पट्टी कापून पाहतात.

कुट्टीचे पाते मात्र उतरत्या बाजूनेच घासावे. ग्राइंडरवर ते निळे पडले, तर पोलादाचे पाणी उतरले म्हणायचे. चाकावरची सगळी पाती एकदमच बदलावीत. वजन कमीजास्त झाले तर चाक थरथरते. आणि पात्याला हात लावण्याआधी मोटरची वायर काढावी, नुसत्या बटणावर विसंबू नये.